एक काना जादा

पट्टा खोक्यातच राहू दे, चिमणे. बाहेर काढू नकोस. मी पडलो की तुझ्या मोबाइलवर घंटा वाजणार, हे तुझं दोनदा सांगून झालंय. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरलो तेव्हा तुझी आजी वाजली होती, ती तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. त्या घंटेला चार्जिंगही लागत नाही.

हसा. पण पट्टा मी बांधणार नाही. का, ते सांगतो. दार लोटून घ्या. आणि मधे मधे ‘मग काय झालं’ असं विचारायचं नाही. जे झालं ते सांगणारच आहे. जे मलाच कळलं नाही, ते विचारून कळायचं नाही.

आमच्या इस्पितळात एक जण होता. मी वर रेकॉर्ड विभागात, तो खाली तळघरात, नऊ नंबरच्या खोलीत. सगळे त्याला पट्टेवाला म्हणत. शिपाई नव्हता तो, चांगला शिकलेला तंत्रज्ञ होता. पण दिवसभराचं काम म्हणजे म्हाताऱ्यांच्या कमरेला पट्टे बांधायचे आणि सोडायचे. पहिल्याच आठवड्यात नाव पडलं, आणि एकदा पडलेलं नाव उचलायला कुणी वाकत नाही.

तर नोव्हेंबरची सतरा तारीख, शुक्रवार. रात्री अकराला पट्टेवाला घरी दात घासत होता. घासता घासता त्याला आठवलं, उद्याचे पट्टे चार्जिंगला लावायचे राहिले. सकाळी आठला चाळीस वृद्धांची तपासणी होती. त्यानं चूळ भरली, चपला घातल्या आणि बायकोला म्हणाला, “पट्टे लावून येतो.”

“आत्ता? सकाळी लाव ना.”

“सकाळी लावले तर दुपारी चालतील. चाळीस म्हातारे तोवर मला खातील.”

“दात नसतात त्यांना,” बायको म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

इस्पितळ दहा मिनिटांवर. पट्टेवाला चालत निघाला. पट्टे लावायचे होते, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. ते कळायचं तर आधी त्याची खोली समजून घ्या.

नऊ नंबर म्हणजे पूर्वीचं चादरींचं कोठार. जमिनीवर तीन मीटर लांब पिवळी पट्टी, एका टोकाला बिनहाताची खुर्ची, समोर भिंतीवर छातीच्या उंचीला एक काळी पेटी. पेशंटच्या कमरेला आणि घोट्यांना पट्टे बांधायचे. मग पट्टेवाला म्हणणार, “उठा. चाला. वळा. या. बसा.” झाली तपासणी. माणूस किती डुलला ते पट्टा मोजतो, पाय कुठं अडखळला ते पेटी बघते. पण पेटीला ना चेहरा दिसतो, ना कपडे. तिच्या पडद्यावर उमटतो तो काड्यांचा माणूस. डोक्याचा ठिपका, खांद्यांचे, कोपरांचे, गुडघ्यांचे ठिपके, आणि मधे काड्या. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तुम्ही मास्तरांचं चित्र काढायचात ना, तसा. शेवटी छापील कागद बाहेर येतो. पडण्याचा धोका: कमी, मध्यम किंवा जास्त.

या कागदाचीही एक गंमत आहे. यंत्र नवीन होतं तेव्हा महिनाभर त्यावर छापून यायचं, ‘पाडण्याचा धोका’. एक काना जादा. एका सूनबाईंनी सासूचा कागद वाचला, ‘पाडण्याचा धोका: जास्त’, आणि म्हणाल्या, “हे आम्हाला बावीस वर्षांपासून माहीत आहे, त्याला यंत्र कशाला हवं?” मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. माझी सगळी हयात दुसऱ्यांचे काने-मात्रे दुरुस्त करण्यात गेलेली, मी काय सोडतो! चौथ्या पत्राची धास्ती घेऊन त्यांनी तो काना काढला. मी फाइल बंद केली.

दुसरी गोष्ट मात्र गमतीची नाही. पिवळ्या पट्टीवर नातेवाइकांनी पाय ठेवू नये, असं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. पण भिंतीवरचं वाचतो कोण? म्हातारी जरा हलली की मुलगा धावायचा, लेक हात द्यायची. मग पडद्यावर काड्यांची दोन माणसं व्हायची आणि यंत्र विचारायचं, ‘जादा व्यक्ती आढळली. पुसायची?’ पट्टेवाला ‘हो’ दाबायचा. दिवसातून पंधरा वेळा. बोट इतकं सरावलं की प्रश्न उमटायच्या आधीच तयार. पुसलेला माणूस लगेच जात नाही. तो तीस दिवस एका कप्प्यात राहतो. तिसाव्या दिवशी रात्री बाराला कायमचा जातो.

ऑक्टोबरच्या अठरा तारखेला एक शिवणकाम करणारी म्हातारी तिसऱ्यांदा आली. सत्तरीची, किडकिडीत. पहिल्यांदा मनगट मोडून आली होती, मग गळ्याजवळचं हाड. या वेळी डोक्याला सात टाके. सोबत मुलगा. गॅरेज होतं त्याचं. हात जाड, बोलणं गोड.

“आई म्हणजे काचेचं भांडं झालीय हो,” तो म्हणाला. “नजर हटली की पडलीच.”

त्याला बाहेर बसवून पट्टेवाला पट्टा बांधायला वाकला. अंगावरचं धातूचं काही असेल तर काढा म्हणाला. म्हातारीच्या गळ्यापाशी कापडात एक सुई टोचलेली होती, काळा दोरा ओवलेली.

“राहू दे रे बाळा. कुठं काही उसवलं तर हाताशी लागते.”

सुई राहिली. त्यानं पट्टा आवळला तशी ती कळवळली. कपडा जरा वर सरकला. कमरेवर चार बोटं उमटलेली होती. निळी. पट्टेवाल्यानं ती पाहिली. पाहिली, आणि म्हणाला, “पडल्यावर होतं असं.”

“मी पडत नाही,” ती हळूच म्हणाली.

“सगळे आजी-आजोबा असंच म्हणतात.”

“अरे, मी पडत नाही. मला...”

“काय म्हणतेय आई?” मुलगा आत आला होता. थेट पिवळ्या पट्टीवर, तिच्या मागे. “मी इथंच थांबतो. पडली तर धरायला.”

बाहेर चौदा पेशंट ताटकळत होते. पट्टेवाला पडद्याकडे वळला. “उठा. चाला.” काड्यांची बाई उठली. सरळ चालत गेली, तसूभर डुलली नाही. वळली. तेवढ्यात मागच्या काड्यांच्या माणसाचा हात वर गेला आणि तिच्या मानेवर आदळला. काड्यांची बाई मोडून खाली आली.

पट्टेवाल्यानं पडद्यावरून नजर काढली तेव्हा म्हातारी जमिनीवर होती आणि मुलगा तिला काखेत धरून उचलत होता.

“बघितलंत? अशी पडते.”

म्हातारीनं पट्टेवाल्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

यंत्रानं विचारलं, ‘जादा व्यक्ती आढळली. पुसायची?’

बोट सरावाचं होतं.

‘पडण्याचा धोका: जास्त.’ मुलानं कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. आठ दिवसांनी म्हातारी घराच्या जिन्यावरून पडली. अकरा पायऱ्या. जागीच गेली. मान मोडली, जबडा मोडला, आणि समोरचे दात चौथ्या पायरीवर सापडले. पोलीस आले तसा मुलानं तोच कागद पुढे केला. फौजदारानं पट्टेवाल्याला फोन लावला. “तपासणीतही ती आपोआपच पडली होती? जवळ कुणी नव्हतं ना?”

“नव्हतं,” पट्टेवाला म्हणाला.

होतं म्हणावं, तर मग पुसलं कुणी? नोकरी लागून दीड वर्ष झालेलं. घरी सात महिन्यांची मुलगी. यंत्राच्या कागदावर सही त्याची. प्रकरण मिटलं. फक्त नऊ नंबरच्या यंत्रात, पुसलेल्यांच्या कप्प्यात, तो काड्यांचा मुलगा हात उगारून उभा होता. आणि त्याचे तीस दिवस सतरा नोव्हेंबरला रात्री बाराला भरत होते. बारा वाजले की आपणही सुटलो, असं पट्टेवाला रोज मनाशी म्हणत होता. मग नेमक्या त्याच रात्री त्याला पट्टे कसे आठवले? मी त्याला विचारलं होतं. तो पुन्हा चार्जिंगचंच सांगत बसला.

फाटकावर वॉचमनकाका स्टुलावर बसले होते.

“काय पट्टेवाले, आता कुणाची कंबर?”

“चार्जिंग राहिलंय, काका.”

“बरं झालं आलात. तुमच्या खोलीत उजेड आहे. मी दोनदा जाऊन बंद केला.”

“मग?”

“मग तिसऱ्यांदा गेलो नाही.” काका हसले. पण नीट हसले नाहीत. वहीत त्यांनी वेळ लिहिली. अकरा बावीस. ती नोंद मी नंतर माझ्या डोळ्यांनी पाहिली.

पट्टेवाला जिना उतरला. खोलीत दिवा नव्हता. पडदा तेवढा चालू होता. पडद्यावर खुर्चीत एक काड्यांचा माणूस बसलेला.

तो घाबरला नाही. असं व्हायचं. एकदा खुंटीवरच्या पांढऱ्या कोटाला यंत्रानं पेशंट समजून ‘धोका: कमी’ असा कागद दिला होता. त्यानं दिवा लावायला बटण दाबलं. लागला नाही. खुंटीवरचा कोट काढून त्यानं बाहेर टाकला. पट्टे खणातून काढले, एकेक चार्जरला लावले. मग वळून पाहिलं.

काड्यांचा माणूस अजून बसलेला होता.

खुर्ची रिकामी होती.

पडद्यावरची आकृती उठली. कुणी ‘उठा’ म्हटलं नव्हतं. सरळ चालत आली, तसूभर न डुलता. हे चालणं त्यानं तीनदा मोजलं होतं. पिवळी पट्टी संपली तिथं तिनं वळायला हवं होतं.

ती वळली नाही.

पट्टीबाहेर आली. टेबलाच्या दिशेनं आली. आता पडद्यावर दुसरी आकृती उमटली होती. टेबलाशी उभी. पट्टेवाल्यानं हात हलवला. त्या आकृतीनं हात हलवला. तिच्याभोवती लाल चौकट आली, आणि अक्षरं.

‘जादा व्यक्ती आढळली. पुसायची?’

तो दाराकडे धावला. धावता धावता पडद्याकडे नजर गेली. पडद्यावर त्याच्या आकृतीचं डावं मनगट उलटं वळलं होतं. तो स्वतःच्या मनगटाकडे बघतो तोच... ते वळलं. सुकलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. आधी पडद्यावर. मग अंगावर. मधे एक श्वास.

तो ओरडला. तळघरात ऐकणार कोण?

पडद्यावर त्याचा खांदा खुर्चीच्या पाठीवर आदळला. त्यानं खुर्चीपासून दूर उडी घेतली. खुर्चीच सरकत आली. लोखंडी कड गळ्याजवळ बसली. हाड आत दबलं, कातडीखाली त्याचं टोक उभं राहिलं. तो गुडघ्यांवर आला.

मनगट. गळ्याजवळचं हाड. आता...

आता डोकं. त्याला कळलं. क्रम त्यानंच लिहून घेतला होता, तीन तपासण्यांच्या तीन कागदांवर. त्यानं धड राहिलेल्या हातानं डोकं झाकलं. केसांत बोटं गेली. बारीक, टणक, रोज सुई धरणारी बोटं. डोकं मागे खेचलं गेलं आणि काळ्या पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा. दोनदा. रक्त डोळ्यांत उतरलं.

“आजी... नका... आजी...”

रक्तातून त्यानं पडदा पाहिला. काड्यांची बाई त्याच्या मागे उभी होती. तिचे दोन्ही हात सावकाश वर येत होते. मानेकडे. कोपऱ्यात घड्याळ. अकरा सत्तावन्न.

‘पुसायची?’

तिला काय हवंय ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पोरांनो, त्याच्या ध्यानात ते तीस दिवस होतंच. तो कोपरांवर सरपटत टेबलाकडे निघाला. पाठीत लाथ बसली. बरगडी गेली. तो सरपटला. पुन्हा बसली. टेबलाची कड धरून वर आला. ‘नाही’ दाबलं. मग कप्पा उघडला. पुसलेली माणसं. शेकडो. मुलगे, सुना, लेकी, सगळ्यांचे हात पुढे आलेले. धरायला आलेले.

अठरा ऑक्टोबर कुठंय... अठरा...

मानेवर बोटं आली. थंड.

अकरा अठ्ठावन्न.

सापडला. एकच हात, धरायला नाही, मारायला उचललेला.

बोटं आवळली. मान वळायला लागली.

“आणतो... परत आणतो... सगळं सांगतो...”

‘पुसलेली व्यक्ती परत आणायची?’

हो.

बोटं सुटली.

पडद्यावर पिवळ्या पट्टीच्या टोकाला तो काड्यांचा मुलगा उभा राहिला. म्हातारीनं पट्टेवाल्याकडे पाठ केली. सावकाश चालत मुलासमोर गेली. थांबली. त्याच्या उगारलेल्या हाताचं मनगट तिनं धरलं.

पडदा काळा झाला. अंधारात छपाई यंत्राची घरघर तेवढी ऐकू आली...

वॉचमनकाका बारा वाजून दहा मिनिटांनी खाली आले. तिसऱ्यांदा जायचं नाही म्हणाले होते, पण गेले बिचारे. पट्टेवाला रक्तात बसला होता, छातीशी एक कागद धरून. डोक्याला टाके पडले. किती, ते तुम्हीच ओळखा.

शुद्ध आल्या आल्या त्यानं खाटेवरूनच फौजदाराला फोन लावला. “होता. जवळ माणूस होता. मी पुसला.” नोकरी गेली. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही.

पोलीस गॅरेजवाल्याकडे पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. तो खोलीच्या मधोमध खुर्चीत बसलेला. मनगट लोंबतंय, खांदा उतरलेला, समोरचे दात नाहीत, तोंड धड मिटत नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं, रात्री बारापासून एकच आवाज येत होता. कुणीतरी उठतंय आणि धाडकन पडतंय. उठतंय आणि पडतंय. पहाटेपर्यंत.

“उठा,” फौजदार म्हणाला.

त्यानं धड राहिलेल्या हातानं खुर्ची घट्ट धरली. “नाही... उठलो की पाडते.”

शेवटी चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेलं.

आता कळलं का, चिमणे, पट्टा का नको ते? त्याला माणूस पडला एवढंच कळतं. बाकीचं विचारायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचं बोट सरावलेलं असतं.

झोपायला जाऊ नका अजून. कागद राहिला.

तो रीतसर माझ्या विभागात आला. वाळलेलं रक्त, पडद्यावरच्या दोन आकृत्या, आणि खाली छापलेलं, ‘पाडण्याचा धोका: जास्त’. माझं डोकं फिरलं. तीन पत्रं लिहून घालवलेला काना परत? कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं अख्खा दिवस यंत्र तपासलं. वीस कागद छापून दाखवले. वीसही कागदांवर ‘पडण्याचा’.

“मग हा एक कुठून आला?” मी विचारलं.

“शाई सांडली असेल, साहेब.”

शाई अशी उभी, सरळ आणि मापात सांडत नाही. पण मी वाद घातला नाही. तो गेल्यावर दिव्याखाली बसलो, भिंग घेतलं. मग सहज त्या कान्यावरून बोट फिरवलं.

बोटाला तो लागला. खरखरीत. कागदाच्या वर उठलेला.

काळा दोरा होता. पाच टाके. इतके बारीक की भिंगाशिवाय दिसू नयेत.

मी कागद उलटा केला.

मागे गाठ मारलेली होती.